जवसाच्या तेलाची फळी

माझं अक्षर चांगलं नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मध्ये मध्ये बुडवत. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही, जोडाक्षर आलं की हात थांबतो, आणि आता बोटं थरथरतात म्हणून ओळही सरळ राहत नाही. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. नातीच्या जुन्या वहीची ही मागची कोरी पानं आहेत. पुढच्या पानांवर तिचं विज्ञान आहे.

त्या विज्ञानामुळेच लिहायला बसले. परवा ती मोठ्याने धडा वाचत होती. मुलगा मिहानमधल्या कारखान्यात कामावर गेलेला, सून बाजारात. नातीने गव्हाची पेटी फरशीवर ढकलली आणि मला म्हणाली, "आजी, आता तू ढकल. आधी जड लागेल, हलली की सोपं. याला घर्षण म्हणतात." मी ढकलली. ती म्हणाली, "समजलं का? जाऊ दे, तुला कंटाळा आला असेल." त्याच पानावर एक ओळ होती, तिने ती गाण्यासारखी दोनदा वाचली. जिथे घर्षण नको असतं तिथे तेल घालतात, जिथे हवं असतं तिथे वाळू टाकतात. एवढीच ओळ. मी आत जाऊन पंखा लावून बसले. ती ओळ मला बारा वर्षांची असताना कोणी वाचून दाखवली असती तर एका माणसाचा पाय वाचला असता.

माझे बाबा नागपूरला कळमन्याच्या धान्यबाजारात हमाल होते. आठ जणांची टोळी होती आणि टोळीची एक फळी होती. सागाची, बारा हात लांब, दीड हात रुंद. एक टोक जमिनीवर, दुसरं ट्रकच्या फाळक्यावर, आणि तिच्यावरून पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन माणूस चढायचा. बाहेर ठेवली तर चोरीला जाईल म्हणून फळी आमच्या घरी राहायची. टोळीचा नियम होता, फळी ज्याच्या घरी तिची जोखीम त्याची. मोडली, हरवली, वाकली, तिच्या दोषाने कोणी पडला, तर त्यानेच भरून द्यायचं. त्याबद्दल बाबांना दर आठवड्याला चहापुरते जास्त मिळायचे, आणि मायला त्या चहाचा फार राग होता. कारण घर एका खोलीचं. फळी सरळ मावायची नाही, चुलीच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला उंच टेकवली की दारापर्यंत तिरपी यायची. संध्याकाळी ती आत आली की घराचे दोन तुकडे व्हायचे. भिंतीकडच्या तुकड्यात मी. पाणी प्यायचं तर फळी ओलांडायची, बाहेर जायचं तर फळी ओलांडायची, आणि मुलीने फळी ओलांडू नये असं कोणीतरी मायच्या डोक्यात भरवलेलं, म्हणून मी वाकून खालून जायची. चौथी झाल्यावर शाळा सुटली तेव्हापासून, फळी बाजारात असली तरी, माझा बराचसा दिवस त्या तुकड्यातच गेला. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटायचे, ट्रकच्या साखळ्या खणखणायच्या, मिरचीचा बाजार भरला की सगळी वस्ती एकदम शिंकायची, आणि मी आत बसून कोण शिंकलं ते ओळखायची.

माय बाजारात झाडायला जायची. पोत्यांतून सांडलेलं धान्य झाडून, पाखडून घरी आणायची. त्यात ज्वारी असायची, गहू असायचा, चणा, तूर, कधी मका. निवडत बसायला वेळ नव्हता, सगळं एकत्रच दळायला जायचं. म्हणून आमची भाकर रोज वेगळ्या रंगाची असायची. बाबा ताटात बघून सांगायचे, "आज तुरीचे ट्रक आलते वाटते." सणाला मात्र माय गोळाभात करायची, भातात बेसनाचे गोळे, वरून फोडणीचं तेल, आणि त्या दिवशी ती कोणावर ओरडायची नाही.

बाबा शाळेत गेले नव्हते, पण ओझ्याबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते मी पुढे कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. जेवताना ते मला सांगायचे, कारण दुसरं कोणी ऐकत नव्हतं. "बेबे, जमीन सगळ्याईले ओढून राहिली हाये. पोत्याले बी अन् मले बी. तिच्या हातून एकदम काही सुटत नाही. थोडं थोडं सोडवा लागते. म्हून फळी लांब पाहिजे. आखूड फळी लवकर पोचवते, पण छाती फोडते." आणखी सांगायचे, "फळीवर थांबायचं नाही. चाल धरली की पोतंच तुले नेते. थांबला की ते मागं ओढते." मी विचारायची, "अन् पाय काहून नाही घसरत बाबा?" ते तळवा दाखवायचे. भेगा पडलेला, काळा, विटेसारखा. "हा तळवा अन् ते लाकूड. दोघंबी खरबरीत. एकमेकाले धरून ठेवतात." ही तळव्याची गोष्ट मी ऐकली होती. ऐकलेली होती, हेच मला पुढे फार दिवस खात राहिलं.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. टोळीचं हत्यार म्हणजे पोती ओढायचे लोखंडी आकडे आणि फळी. माय आपट्याची पानं आणायला गेली, जाताना म्हणाली, "फळीवर पाणी मार, हळदी-कुंकू लावून ठेव." मी पाणी मारलं. पण फळी धुतल्यावरही घाणच दिसत होती. वर्षांची माती, पोत्यांचे धागे, धान्याचा चुरा, घाम, सगळं दाबून दाबून तिच्यावर खपली झाली होती. देवापुढे असं कसं ठेवायचं असं मला वाटलं. मी विटेचा तुकडा घेतला आणि सकाळभर घासलं. खालून सागाचा खरा रंग निघाला, रेषा निघाल्या. मला इतका आनंद झाला की मी चुलीजवळची जवसाच्या तेलाची बाटली घेतली आणि चिंधीने सगळ्या फळीला तेल दिलं. आम्ही पाटाला, दाराला, खाटेच्या पायांना सणाला तेल देतोच. एकदा दिलं, लाकूड प्यायलं. पुन्हा दिलं.

संध्याकाळी टोळी पूजेला आली तेव्हा सगळे फळीकडेच बघत होते. टोळीत सगळ्यात मोठे सुखदेवकाका होते, पहिलं पोतं नेहमी तेच चढवायचे. ते वाकून म्हणाले, "अबे, हे फळी हाये का आरसा? माह्यं थोबाड दिसून राहिलं." बाबा म्हणाले, "बेबीनं केलं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा बघण्याने लाजून लपले नाही. सुखदेवकाकांनी मला सोनं दिलं, आपट्याचं पान, आणि म्हणाले, "पोट्टी हुशार हाये गा तुही." त्यानंतर पुरुष बाहेर बसले. सण होता, थोडी थोडी घेतली सगळ्यांनी. सुखदेवकाकांनीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची भाकर घेऊन बाजारात गेले होते. ट्रक लागला होता, चण्याचा. फळी लावलेली होती आणि उन्हात चमकत होती. सुखदेवकाकांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं, चाल धरली, चार पावलं चढले. पाचव्या पावलाला त्यांचा पाय मागे गेला. मी बघत होते. पाय वाकडा पडला नाही, लटपटला नाही, नुसता मागे गेला, जसा कोणी ओढून घेतला. ते खाली पडले आणि पोतं त्यांच्या मांडीवर. हाड मोडल्याचा आवाज पोत्याखालूनही आला. लोक धावले, पोतं फुटून चणे सगळीकडे घरंगळले, कोणीतरी फळीवर माती आणि राख टाकली, कारण फळीच्या कडेला रक्त लागलं होतं. माझ्या हातात डबा तसाच होता. त्यांना हातगाडीवर घालून नेलं, आणि तासाभराने राखेने माखलेल्या त्याच फळीवरून बाकीचे सात जण चढू लागले. कोणीच घसरलं नाही.

म्हणून कोणालाच फळीची शंका आली नाही. दारूची आली. टोळीचा आणखी एक नियम होता. काम करताना कोणी पडला तर तो उठेपर्यंत त्याचा वाटा रोज त्याच्या घरी जायचा, जसा तो कामावर असावा तसा. पण पिऊन पडला तर नाही. संध्याकाळी आमच्याच दारात सगळे बसले, टोळीचे मुकादमही. मुकादम म्हणाले, "रात्री घेतली होती का नाही? सकाळी वास येऊन राहिला होता का नाही?" एकाने म्हटलं, वीस वर्षांत सुखदेवभाऊचा पाय घसरला नव्हता. मुकादम म्हणाले, "म्हूनच तर. मंग आजच काहून घसरला?" बाबा खाली बघत होते. वाटा बंद झाला. मी आत फळीच्या मागे उभी होते आणि उत्तर माझ्याकडे होतं.

मी मायला सांगितलं. ती पीठ मळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "कोनाले सांगितलं?" मी मान हलवली. "मंग सांगू बी नको. फळीची जोखीम आपली हाये, माहीत हाये ना? सुखदेवभाऊचे सगळे दिवस तुह्या बापाच्या अंगावर येतीन. टोळीतून काढतीन त्याले. तोंड उघडलं तर मीच तुह्या तोंडात पीठ कोंबीन." आणि लगेच भाकर थापायला लागली. माय वाईट नव्हती. आज मीही सासू आहे, घरात येणारं आणि घरातून जाणारं मोजून बघितलेलं आहे, त्यामुळे मला तिचा राग येत नाही. तेव्हाही आला नाही. फक्त घर आणखी लहान झालं.

पुढे झालं ते असं की सुखदेवकाकांच्या बायकोला धुण्याभांड्यांची कामं धरावी लागली, आणि घरी माणूस खाटेवर. शेजारधर्म म्हणून बाबांनीच मला तिकडे पाठवलं. "बेबीले काय काम हाये घरी? करीन तेवढं." दिवसभर मी त्यांच्याकडे. पाणी द्यायचं, भात शिजवायचा, पायाखाली उशी सरकवायची. काकी जाताना मला रोज म्हणायची, "तुह्यासारखी लेक पाहिजे होती वं मले." ते ऐकणं सगळ्यात कठीण होतं. काका मात्र दिवसभर एकच बोलायचे. सुरुवातीला स्वतःशी, मग माझ्याशी. "थोडीच घेतली होती, बेबे. देवाशपथ थोडीच. पण घेतलीच ना. पाय माहा, चूक माही." भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "तुले काय वाटते, नशा सकाळपर्यंत राहते का?" मी म्हणायची, "मले नाही माहीत काका." पाचव्या पावलाला काय झालं ते पुन्हा पुन्हा आठवायचे. "पाय ठेवला होता. बरोबर ठेवला होता. मंग गेला कसा?" मी भांडी घासायला बाहेर जायची. तिकडे काका विचारायचे, इकडे माय माझ्याकडे बघायची. दोन्ही घरांच्या मधला रस्ता शंभर पावलांचा होता, आणि मला तेवढ्याच रस्त्यावर श्वास यायचा.

असे चार-साडेचार महिने गेले. एक दिवस काकी कामावरून परतली ती दारातच बसली. मुकादमाने निरोप दिला होता. उद्यापासून आठव्या जागी, सुखदेवच्या, नवा माणूस घेतो. जागा गेली म्हणजे पाय बरा झाला तरी परत टोळी नाही. काका मला म्हणाले, "बेबे, पाणी दे." मी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "बरोबर हाये त्याईचं. बेवड्याले कोन ठेवीन."

मी तिथून घरी आले. माय बाजारात होती. चुलीजवळची बाटली घेतली, चिंधी घेतली, विटेचा तुकडा घेतला. दुपारची वेळ, टोळी शेडमध्ये जेवत होती. फळी रिकाम्या ट्रकला लावलेली. बोलायला गेले असते तर मला एक शब्द फुटला नसता, मी स्वतःला ओळखते. म्हणून मी बोललेच नाही. फळीजवळ जाऊन तिची एक बाजू विटेने घासायला लागले. एक हमाल ओरडला, "काय वं, दसरा आला का पुन्हा?" सगळे हसले. मी घासत राहिले. मग त्या बाजूला तेल लावलं, दोनदा. तोवर हसणं थांबलं होतं, कारण बाबा जेवणावरून उठून उभे राहिले होते. वजनकाट्याजवळ पाच किलोचं लोखंडी वजन होतं. ते दोन्ही हातांनी उचलून मी फळीवर, जितका हात पोचला तितकं वर, मळक्या बाजूला ठेवलं. ते तिथेच राहिलं. मग उचलून तेलाच्या बाजूला ठेवलं आणि हात काढला. वजन सरळ खाली आलं, अजिबात न थांबता, आणि मुकादमांच्या ताटाजवळ मातीत रुतलं.

"दसऱ्याले मीच लावलं होतं," मी म्हटलं. एवढंच.

मुकादमांनी हात धुतला, येऊन फळीवर बोट फिरवलं, बोट बोटावर घासून बघितलं. "कोनं सांगितलं होतं तुले तेल लावाले?" माझ्याऐवजी बाबा बोलले. "तिले काहून विचारता? त्या सकाळी फळी खांद्यावर मीच आणली. लावतानी माहा हात सटकला होता. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. समजलं बी असन. पण दारूचं निघालं अन् मी गुमान राहिलो." वीस वर्षं एकत्र ओझं वाहिलेली माणसं, एकमेकांकडे बघेनात. शेवटी तो मघाचा हमालच म्हणाला, "घ्या. अन् आपण सुखदेवभाऊची दारू फुकटात सोडवली." हसायचं की नाही ते कोणाला कळेना.

नवा माणूस घेतला नाही. पडल्या दिवसापासूनचा वाटा टोळीने काढून द्यायचा, असं ठरलं. आणि फळी आमच्या घरची म्हणून तो सगळा बाबांनी टोळीला परत करायचा, हेही ठरलं. ते बाबांनीच सांगितलं, कोणी मागितलं नव्हतं. संध्याकाळी मी सुखदेवकाकांच्या दारात उभी राहिले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. मला वाटलं, काठी फेकून मारतील. ते खाटेवर उठून बसले होते. "म्हणजे माहा पाय चुकला नव्हता," ते म्हणाले. मग काकीकडे वळून पुन्हा तेच, "ऐकलं काय वं? पाय नव्हता चुकला." आणि हा एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मला काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत.

फेड चार वर्षं चालली, कारण काका पुन्हा कामावर येईपर्यंतचा सगळा वाटा भरायचा होता. बाबांच्या वाट्यातला चौथा हिस्सा टोळीकडे जायचा. मी मिरचीच्या गोदामात देठं खुडायला लागले. पंचवीस-तीस बायका, दार बंद, कारण वाऱ्याने मिरची उडते. बोटं रात्रीपर्यंत पेटलेली असायची, डोळ्यांना हात लावता यायचा नाही, भाकर मोडली तरी जीभ भाजायची. गोदामाच्या पायरीवरून आमच्या घराचं छप्पर दिसायचं आणि घरातून गोदामाचं. माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. माझ्या वयाच्या मुली एकेक लग्न होऊन गेल्या. माझ्यासाठी कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी. नातीला हे सांगितलं तर ती विचारेल, आजी, तू पळून का नाही गेलीस? तिला कसं सांगू, मला पळायचं नव्हतंच. मला त्या मिरचीत बसूनच बाहेर निघायचं होतं.

सुखदेवकाकांचा पाय जुळला पण आखूड झाला. फळी चढणं संपलं. टोळीने त्यांना काट्यावर बसवलं आणि टोळीचा पैशाचा डबाही त्यांच्याकडेच दिला. त्यामुळे दर आठवड्याला मी जे नेऊन द्यायची ते त्यांच्याच हातात. ते मोजायचे, डब्यात टाकायचे, मान हलवायचे. एवढंच.

शेवटच्या वेळी बाबा नागपूरबाहेर माल घेऊन गेले होते, म्हणून त्यांचा आणि माझा असे दोन्ही भाग मीच नेले. काकांनी मोजले. मग पुन्हा मोजले. डब्याचं झाकण लावलं आणि काठी टेकत उभे राहिले.

"झाले बेबे. पूर्ण झाले. आता काही नाही राहिलं."

मी निघाले तर मागून म्हणाले, "कुठं चालली? काकीनं गोळाभात टाकला हाये. चाल घरी, जेवाले."

इतकी वर्षं त्या घरात मी कामाशिवाय पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी काकीने मला पाट दिला, ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या स्वतः भरून ठेवला. मी भांड्यांकडे हात नेला तर तिने माझं मनगट धरलं आणि मला परत खाली बसवलं.